सांगाड्यांची पलटण

चार माणसांना एका दारातून आत न्यायला आमच्या टेबलावर सव्वा तास लागतो. दार साधंच असतं. लाकडी, कडीचं, फार तर पलीकडून घोरण्याचा आवाज येत असतो. पण आमच्या फायटरला ते लाथेनं उघडायचं असतं, चोराला आधी कुलपाशी लाडीगोडी करायची असते, क्लेरिकबाईंना उंबऱ्यावर प्रार्थना म्हणायची असते आणि मला, म्हणजे जादूगाराला, सगळ्यांच्या मागे उभं राहायचं असतं. मागे उभं राहण्यावरूनही वाद होतो, कारण चोरालाही तिथंच उभं राहायचं असतं. तोवर वडापाव गार होतात आणि पलीकडचा राक्षस झोप पुरी करून, तोंड धुऊन, आपल्या कामाला निघून गेलेला असतो.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली बाजारात आणला. कागद, पेन्सिल, वीस पैलूंचा फासा आणि बऱ्यापैकी नोकरीधंदा असलेली चार-पाच माणसं, जी शनिवारी संध्याकाळी आपण बुटके किंवा एल्फ आहोत असं मनापासून मानतात, एवढ्यावर तो चालतो. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं, राक्षस त्याचे, नकाशा त्याचा आणि नियमांचा अर्थ लावणाराही तोच. आमचा डीएम एरवी अतिशय मऊ स्वभावाचा माणूस आहे. शनिवारी तो काय करतो हे त्याच्या सासरी कळलं असतं तर मुलगी दिली नसती.

तर दारांना कंटाळून मी ठरवलं की आपल्याला ऐकणारी माणसं हवीत. जिवंतांत ती मिळत नाहीत, याचा अनुभव घरी, ऑफिसात आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत घेऊन झाला होता. मेलेल्यांत मिळतात असं पुस्तकात वाचलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे पाचव्या लेव्हलच्या विझार्डला, म्हणजे माझ्यासारख्या जादूगाराला, ‘ॲनिमेट डेड’ नावाचा मंत्र येतो. साहित्य: रक्ताचा एक थेंब, मांसाचा एक तुकडा, चिमूटभर हाडांची पूड. कृती: मध्यम किंवा लहान चणीच्या मयतापासून दहा फुटांच्या आत उभं राहून एक मिनिट मंत्र म्हणावा. नुसती हाडं असतील तर सांगाडा उठतो, वर मांस शिल्लक असेल तर झोंबी. सांगाडा दिसायला बरा आणि धनुष्य चालवतो. झोंबीला वास येतो, पण तो मारला तरी पुन्हा उठायची शक्यता असते. मी सांगाडे घेतले. माणसानं नाकाचा विचार करावा.

आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं, याच्यासारखा शिपाई नाही. खात नाही, पीत नाही, झोपत नाही, श्वासही घेत नाही. विष बाधत नाही. थकवा हा शब्द त्याच्या कोशात नाही. मराठी माणसानं फौज म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे आधी रसद येते आणि रसद म्हटली की पानिपत. १७६१ च्या संक्रांतीला आपलं सैन्य उपाशी पोटी लढाईला उतरलं, बरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा भलामोठा गोतावळा. माझ्या पलटणीत एकही बाजारबुणगा नव्हता. कुणाला तीर्थयात्रा करायची नव्हती, कुणाची बायको बरोबर नव्हती, कुणी तांब्या शोधत नव्हतं.

पगाराचा हिशेबही झाला. आमचा फायटर प्रत्यक्षात बँकेत कर्ज मंजूर करतो, त्यामुळे तो तलवारीपेक्षा कॅल्क्युलेटर जास्त उपसतो. त्यानं साडेतीन क्रमांकाची जुनी आवृत्ती काढली. तिच्यात हा मंत्र महाग होता. प्रत्येक मयताच्या तोंडात किंवा डोळ्याच्या खोबणीत काळा ऑनिक्स खडा ठेवावा लागे आणि माणसाच्या साध्या सांगाड्याला खड्याची किंमत किमान २५ सुवर्णमुद्रा. त्याच पुस्तकात भाडोत्री शिपाई दिवसाला ३ चांदीच्या नाण्यांवर मिळतो. दहा चांदीची एक सोन्याची.

“८३ दिवस,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“युद्ध ८४ व्या दिवशी गेलं तर मेलेला परवडतो. त्याआधी संपणार असेल तर जिवंत ठेव.”

“आणि जिवंत ठेवलेला मधेच मेला तर?”

“तर उत्तम. तोच उठव. पगार बंद, फक्त खड्याचा खर्च.”

कर्जदारांकडे तो ज्या नजरेनं पाहतो त्याच नजरेनं त्यानं हे सांगितलं. पाचव्या आवृत्तीत खड्याची अटच काढून टाकली आहे, त्यामुळे माझी पलटण फुकटच पडली. इथं मला शंका यायला हवी होती, पण फुकट म्हटल्यावर आपल्याकडे शंका मागे राहते.

गोम अशी की हे सगळं २४ तासांपुरतं असतं. मुदत संपायच्या आत मंत्र पुन्हा म्हणून ताबा नव्यानं मिळवावा लागतो. नाहीतर सांगाडे तुमचं ऐकायचं थांबतात आणि मुळात ती दुष्ट जात असल्यानं जो जिवंत दिसेल त्याच्यावर धावून जातात. जो पहिला दिसतो तो बहुधा मंत्र म्हणणारा असतो. एका मंत्रात चौघांचं नूतनीकरण होतं. हा मंत्र तिसऱ्या दर्जाचा. पाचव्या लेव्हलला त्या दर्जाचे मंत्र दिवसात दोन, दुपारी जरा टेकलात तर तिसरा. म्हणजे आठ सांगाड्यांसाठी दोन मंत्र रोज जाणार आणि तिसऱ्यात नवी भरती. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, माझ्या मेलेल्यांना तो रोज लागायचा. आगीचा गोळा फेकायचा मंत्रही त्याच दर्जाचा, त्यामुळे तो फेकायची सोय उरली नाही. समोर शत्रू उभा, फायटर ओरडतोय, “अरे, टाक ना आग!” आणि मी म्हणतोय, “आज नाही जमणार, दोघांची मुदत साडेचारला संपतेय.”

वाटलं, लेव्हल वाढली की हे सुधारेल. म्हणून गणित मांडलं. वरच्या दर्जाचा मंत्र वापरला तर दर पायरीला दोन सांगाडे जास्त सांभाळता येतात. विसाव्या लेव्हलचा विझार्ड म्हणजे या खेळातला साक्षात शेवट. तो आकाशातून उल्का पाडतो, ‘विश’ म्हणून जगाचे नियम वाकवतो. या माणसानं तिसऱ्यापासून नवव्या दर्जापर्यंतचे सगळे मंत्र फक्त दाखल्यांवर घालवले, तर त्याच्या पदरी किती सांगाडे राहतात? १२८. उल्कावर्षावाच्या बदल्यात सोळा जणांचं नूतनीकरण. हजाराची फौज हवी असेल तर असे आठ महापुरुष एका तंबूत रोज सकाळी हजर पाहिजेत. आठ विझार्ड एका तंबूत गुण्यागोविंदानं राहिल्याचं मी तरी कुठल्या नियमपुस्तकात वाचलेलं नाही.

हुकूम द्यायचा तर साठ फुटांच्या आत असावं लागतं, हे वेगळंच. जगातले शहाणे सेनापती टेकडीवर दुर्बीण घेऊन बसतात. माझ्यासारखा, अंगावर चिलखत नाही, छाती बेताची, पळण्यात मात्र तरबेज, असा सेनापती आघाडीपासून साठ फुटांवर उभा. समोरचे तिरंदाजही मूर्ख नसतात. आठ सांगाडे आणि मागे झग्यातला एक माणूस दिसला की पहिला बाण कुणावर सोडायचा याची चर्चा त्यांच्यात होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त मोह चालण्याचा होता. सांगाडा सहा सेकंदांत ३० फूट जातो. तासाला साडेपाच किलोमीटर. थांबलाच नाही तर चोवीस तासांत १३० किलोमीटर. जिवंत पलटण आठ तास चालून २४ मैलांवर, म्हणजे ३९ किलोमीटरच्या आत-बाहेर मुक्काम ठोकते. पहाटे पुण्याहून निघालेले सांगाडे दुसऱ्या पहाटे पनवेलच्या पुढे असतील, आणि लांब सुट्टीच्या शनिवारी खंडाळ्याच्या घाटात मोटारींपेक्षा तेच आधी पोचतील. एवढा वेग असलेली फौज. पण खर्ची पडलेले मंत्र परत यायचे तर विझार्डला आठ तासांची विश्रांती लागते. झोप नाही तर मंत्र नाहीत, मंत्र नाहीत तर दाखले नाहीत. म्हणून जी पलटण दिवसरात्र चालू शकते ती माझ्यासाठी रोज रात्री थांबे आणि आठ सांगाडे माझ्या अंथरुणाभोवती ताटकळत उभे राहत. अशा वातावरणात कुणाला झोप लागते?

युक्ती चोरानं काढली. “तुला पालखीत घालू. तू झोप, ते चालतील.”

डीएमनं बराच वेळ पुस्तक चाळलं आणि परवानगी दिली. त्याची परवानगी एवढ्या सहज मिळाली की जपून राहायला हवं, हे आमच्या टेबलावर लहान मूलही सांगेल. मी हुकूम दिला: “पालखी उचला आणि उजाडेपर्यंत थेट उत्तरेला चालत राहा. कुठंही थांबू नका.” पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की एकदा हुकूम मिळाला की काम पुरं होईपर्यंत ते तेच करत राहतात. वाद नाही, शंका नाही, मधे चहा नाही. मी समाधानानं झोपलो. म्हणजे तशी चिठ्ठी डीएमला दिली.

थोड्या वेळानं डीएमनं नकाशा माझ्याकडे सरकवला. “उत्तरेला काय आहे, बघितलंस का?”

“नदी. पण पूल आहे की.”

“पूल थोडा पूर्वेला आहे.”

सांगाड्यांना श्वास लागत नाही. ते आठही जण पावलाला पाऊल जुळवून काठ उतरले, पाण्यात शिरले आणि खांद्यावरची पालखी जराही न हलवता नदीच्या तळावरून चालू लागले. पूल नाही, नावा नाहीत, एकही शिपाई बुडाला नाही. एवढ्या सफाईनं नदी ओलांडणारी फौज लष्करी इतिहासात विरळा. सेनापती तेवढा गमवावा लागत होता.

“श्वास रोखून धर!” फायटर काठावरून ओरडला.

“मी झोपलोय,” मी म्हणालो.

फासे पडले, मी वाचलो. कसा वाचलो हे सांगण्यासारखं नाही, त्यात चोराचा दोर आणि माझा झगा यांचा संबंध होता. पण झोप मोडली होती. झोप मोडली म्हणजे मंत्र परत आले नाहीत, आणि दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्यांची मुदत एकदम संपली. पहाटे ज्यांनी मला खांद्यावर मिरवलं त्यांनीच दुपारी माझ्यावर तलवारी उपसल्या. हे बघून आमच्या चोराला, जो वर्तमानपत्र बारकाईनं वाचतो, काहीच आश्चर्य वाटलं नाही.

पुन्हा भरती केली. या वेळी त्यांना पहाऱ्यावर ठेवायचं ठरलं. न झोपणारा पहारेकरी म्हणजे कुणाही किल्लेदाराचं स्वप्न. सांगाड्याला जिवंतपणी येत असलेल्या सगळ्या भाषा समजतात, फक्त बोलता येत नाही, हा बारीक मुद्दा त्या रात्री शत्रू तंबूत शिरल्यावर लक्षात आला. पहारेकऱ्यानं शत्रूला येताना पाहिलं होतं. व्यवस्थित पाहिलं होतं. त्याला ‘पाहा’ असंच सांगितलं होतं.

मग हेरगिरी. एक सांगाडा टेकडीपलीकडे पाठवला, तो सुखरूप परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. किती आहेत? तो गप्प. बोटांनी दाखव. त्याच्या डाव्या हाताला बोटं दोनच उरली होती. पुढचा अर्धा तास आम्ही कॉलेजच्या सहलीत खेळतात तसं डम्ब शराड खेळलो. त्यानं हात पसरले, वर-खाली केले, मान मागे टाकली. क्लेरिक म्हणाली पक्षी, चोर म्हणाला पवनचक्की, मी म्हणालो त्याला आळस आलाय. तो ड्रॅगन होता.

ड्रॅगनवरून आठवलं. मेलेल्यांना भीती कसली, असं सगळ्यांना वाटतं. जुन्या आवृत्तीत ते खरंही होतं, मनावर चालणारा कुठलाच प्रभाव अनडेडवर, म्हणजे मेल्यावर उठलेल्यांवर, चालत नसे. पाचव्या आवृत्तीतल्या सांगाड्याच्या तक्त्यात मात्र विष आणि थकवा यांच्यापासून संरक्षण लिहिलं आहे, भीतीचा उल्लेखच नाही. ड्रॅगननं नुसतं रोखून पाहिलं आणि माझी पलटण जागीच थरथरू लागली. माझ्या अंगाखालच्या जमिनीचाही थोडा थरकाप होत होता, पण मी जिवंत आहे, मला ते शोभतं. गेलेल्या माणसानं आणखी कशाला घाबरायचं?

सांगाड्यांना ठोसर हत्याराचा मार दुप्पट लागतो, हेही याच दरम्यान कळलं. तलवार असेल तर ठीक, पण सोटा, दांडका, गदा समोर आली की संपलं. म्हणजे राजाच्या सरदारांसमोर माझी पलटण टिकायची आणि एखाद्या म्हातारीनं परसातून मुसळ आणलं की विखरायची. अशी म्हातारी एका गावात होती. जास्त लिहीत नाही.

भरतीचाही प्रश्न होताच. हा सगळा उद्योग जिथं माणसं पुरतात तिथंच चालतो. स्मशानभूमी म्हणजे छावणी, थडगं म्हणजे बरॅक. जिथं दहन करतात तिथं मंत्राला लागणारं साहित्यच उरत नाही. जे उरतं ते कलशात असतं आणि कलश तीन दिवसांत नाशिकच्या वाटेला लागतो. शेजारच्या राज्यात कुणी नेक्रोमन्सर, म्हणजे मढी उठवणारा, माजल्याची खबर आली तर तटबंदी वाढवण्यापेक्षा राजानं सरपणाची सोय करावी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या भिंतीवरच्या पहारेकऱ्यांना हे कळलेलं आहे, ते आपले मेलेले जाळतात. मी फोनवर हाच मुद्दा चोराला पटवून देत होतो, “जाळलेलं मढं काय कामाचं? मला अख्खी हाडं लागतात, ताजी असली तर उत्तम,” तेव्हा आई दारात उभी होती.

“काय रे बोलतोस? आणि तेही तिन्हीसांजेला?”

“खेळातलं आहे गं.”

“मग पत्ते खेळा. पत्त्यांत मढी नसतात.”

देवापुढे दिवा लावून येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण मला वाटतं, तिची हरकत मेलेल्यांना नव्हती, त्यांच्या वापराला होती. आपल्याकडच्या भुतांची फौज कुणी उभी करून दाखवावी. मुंजा पिंपळ सोडत नाही. समंध आपल्या जागेवरून हलत नाही. हडळीला तिची विहीर पुरते. बदलीला तयार असलेलं भूत मराठीत नाही. त्यातल्या त्यात पलटण म्हणावी अशी एकच, वेताळाची. तो भुतांचा राजा, रात्री त्याची पालखी निघते असं कोकणात अजून सांगतात. गोव्यात काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण गस्त घालून घालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे रसद तिथंही सुटलेली नाही. आणि हुकूम? वेताळ पंचविशी आठवा. एवढा पराक्रमी विक्रम राजा, एक मढं झाडावरून काढून मांत्रिकापर्यंत पोचवायचं, इतकंच काम. त्या मढ्यातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो आणि उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल म्हणतो. राजा बोलला की मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. सांगितलं तेवढं करणारं मढं ही कल्पना आपल्या मातीत रुजलेलीच नाही. आपल्याकडे गेलेला माणूससुद्धा एक शंका विचारूनच पुढे सरकतो. मला या जुन्या गोष्टींचा आता फार आदर वाटतो. निदान त्या नदीकाठी एकानं विचारलं असतं, “मालक, पुढे पाणी दिसतंय.”

परदेशी खेळवाल्यांनाही हे मेलेले पुरते सांभाळता आलेत असं नाही. २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये अनडेडांची अख्खी फौज चालवता येते, पण तिथं अंगावर येणारे घूल नावाचे भयानक अनडेड फावल्या वेळात जंगलात लाकूडतोड करतात. त्यांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या आकड्याला खेळात ‘फूड’ म्हणतात, आणि फौज मोठी झाली की पोसण्याच्या नावाखाली येणाऱ्या सोन्यात कपात होते. मेल्यावरही शिधापत्रिका! १९९९ च्या हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्रीमध्ये लढाई जिंकली की पडलेल्या शत्रूंपैकी काहींचे सांगाडे आपोआप तुमच्याकडे रुजू होतात. हे मला अतिशय आवडलं. जितकी लढाई तितकी भरती. पण या पलटणीत जिवंत सैनिक मिसळले की त्यांचं मनोधैर्य एकानं खाली येतं. शेजारच्या बाकावर सांगाडा बसवल्यावर ते वर जाईल अशी कुणाची अपेक्षा होती कोण जाणे. वॉरहॅमरमधले मेलेले आणखी नाजूक. ते कधी पळून जात नाहीत, पण झटापटीत हरले की जितक्यानं हरले तितके ढासळतात आणि त्यांना उभं ठेवणारा सेनापती पडला की सगळी फौजच विस्कटू लागते. म्हणजे शत्रूला हजारांशी लढायची गरज नाही. एकाला गाठलं की झालं. तो एक म्हणजे मागे उभं राहू इच्छिणारा माझ्यासारखा कुणीतरी.

आता क्लेरिकबाई. ती प्रत्यक्षात दातांची डॉक्टर आहे आणि माझ्या फौजेचं निरीक्षण नेहमी जबड्यापासून सुरू करते. “याची अक्कलदाढ आडवी होती बघ. बिचारा.” तिला पहिल्या दिवसापासून हे प्रकरण पसंत नव्हतं. आणि क्लेरिक ही जातच या कामासाठी जन्माला आलेली. खेळ छापला जाण्याआधी अर्नेसन यांच्या ब्लॅकमूर नावाच्या खेळात एक खेळाडू व्हॅम्पायर झाला आणि कुणाला आवरेना, म्हणून त्याला रोखायला हे पात्र तयार केलं गेलं, असं सांगतात. तेव्हापासून क्लेरिकनं देवाचं चिन्ह उंचावलं की अनडेड पाठ फिरवतात. पाचव्या लेव्हलला ती शक्ती इतकी वाढते की सांगाडे आणि झोंबी पळतही नाहीत, जागच्या जागी भुगा होतात. पाचव्याच लेव्हलला. म्हणजे ज्या दिवशी मला फौज उभी करता येऊ लागली त्याच दिवशी तिला ती झाडून टाकता येऊ लागली. नियम लिहिणाऱ्यांना संसाराचा अनुभव असावा.

एकदा भुयारात पाच-सहा घूल आमच्यावर चालून आले. माझे आठही सांगाडे छान रांग धरून पुढे सरसावले. क्लेरिकनं चिन्ह उंचावलं. तीस फुटांच्या आत जो अनडेड तिला पाहू किंवा ऐकू शकतो त्या प्रत्येकावर परिणाम होतो, असं पुस्तक म्हणतं. ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक. घूल दर्जानं वरचे, त्यामुळे ते नुसते पळाले. माझी पलटण मात्र एका श्वासात पांढरी रांगोळी झाली.

“अय्या, तुझेही होते का त्यात?” ती म्हणाली.

“तुझ्या पुढ्यातच तर उभे होते.”

“मला वाटलं, तू त्यांना वेगळं काहीतरी केलं असशील. शिक्का वगैरे.”

डीएम हसत होता. इतका मऊ माणूस, पण हसताना त्याचे दात दिसतात.

या सगळ्यात माझ्या मनात एक आशा शिल्लक होती. वाटायचं, माणसं साधी म्हणून पलटण साधी. एखादा खरा योद्धा मिळाला तर? पुढच्याच महिन्यात आमचा फायटर एका ट्रोलच्या हातून पडला. क्लेरिककडे एका मिनिटाच्या आत माणूस परत आणणारा मंत्र होता, पण त्याला ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात आणि हिरे फायटरनंच विकून नवं चिलखत घेतलं होतं. कर्ज मंजूर करणाऱ्यांची स्वतःची खरेदी अशीच असते.

“माझ्याकडे मंत्र आहे,” मी म्हणालो. “एक पैसा लागत नाही.”

त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. “माझी लेव्हल राहील?”

“नाही. झोंबीचा तक्ता लागेल. २२ हिट पॉइंट.”

“मला ६० होते!”

“सगळ्यांना २२ च. राजा असो, न्हावी असो.”

“अनुभव मिळाला तर वाढतील?”

“नाही. शंभर लढाया केल्यास तरी तेवढेच.”

“तलवार?”

“हातात असेल तोवर चालवशील. पडली तर मी सांगेपर्यंत उचलणार नाहीस.”

“बुद्धी किती?”

“तीन.”

चोर म्हणाला, “यात फार फरक पडेल असं नाही.” फायटरनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. “आणि माझी पाळी आली की मी काय करायचं?”

“मी सांगेन ते.”

“मला नाही पटलं तर?”

“बोलता येणार नाही ना तुला.”

त्यानं सावकाश आपला कॅरेक्टर शीट चार घड्या घालून खिशात ठेवला, डीएमकडून कोरा कागद मागून घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पॅलाडिन.

“पॅलाडिन कशाला रे?” मी विचारलं. “तुला प्रार्थना-बिर्थना कुठं आवडतात?”

“अनडेड समोर असला की त्याच्या दैवी घावाला एक फासा जास्त मिळतो,” तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.